हळू धावण्यासाठी घड्याळ

ट्रायथलॉनसाठी, म्हणजे पोहणं, सायकल आणि पळणं अशा सलग शर्यतीसाठी, घड्याळ घ्यायचं ठरलं की बहुतेक जण उपग्रहांपासून सुरुवात करतात. ड्युअल बँड (उपग्रहांच्या दोन प्रकारच्या लहरी पकडणारं) आहे का, नकाशे आहेत का, स्क्रीन अमोलेड आहे का. माझ्या भाचीनंही तेच केलं. गोव्याची हाफ आयर्नमॅन करायचीच म्हणून तिनं जिद्दीनं पोहणं सुरू केलंय. परवा मोबाइलवर चार-पाच घड्याळांची तुलना उघडून ती माझ्यासमोर येऊन बसली.

"मावशी, यातलं कुठलं घेऊ?"

"आधी सांग, तुझा सोमवारचा इझी रन हृदयाच्या किती ठोक्यांवर होतो?"

"ठोके नाही बघत गं मी. पेस बघते."

इझी रन म्हणजे मुद्दाम सावकाश पळणं, आणि पेस म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ. मग आम्ही दोघी बराच वेळ बोलत बसलो. तिला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहिते आहे, कारण कोथरूड, बाणेर, सिंहगड रोड कुठेही सायकलवाल्यांच्या घोळक्यात उभं राहिलं की हाच प्रश्न कानावर येतो, आणि त्याची उत्तरं नेहमी यंत्राच्या बाजूनं दिली जातात, शरीराच्या बाजूनं क्वचितच.

हाफ आयर्नमॅन म्हणजे १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर पळणं, सगळं साडेआठ तासांत. फुल म्हणजे याच्या दुप्पट आणि सतरा तास. २०१५ साली मिलिंद सोमण यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिकची फुल पूर्ण केली आणि आयर्नमॅन हा शब्द मराठी घरांत पोचला. २०१९ मध्ये गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर हाफ सुरू झाली, तेव्हापासून परदेशी जायचा खर्चही उरला नाही. आता आमच्या सोसायटीत दर दोन इमारतींआड कुणीतरी पहाटे पाचला सायकल जिन्यावरून खाली उतरवताना दिसतं, आणि मला त्याचा मनापासून आनंद होतो.

पण ही सगळी नोकरी-संसार सांभाळून सराव करणारी माणसं. पहाटेचे दीड-दोन तास मिळतात, त्यात तीन खेळ बसवायचे. वेळ थोडा, म्हणून प्रत्येक सराव जोरात करायचा, असं आपोआप होत जातं. सोमवारी पळणं जोरात, मंगळवारी पोहणं जोरात, बुधवारी सायकलवर कुणीतरी पुढे गेलं म्हणून तेही जोरात. दोन महिन्यांत झोप बिघडते, पोटऱ्या दुखायला लागतात, सर्दी हटत नाही. लांब पल्ल्याच्या खेळात सरावाचा मोठा भाग सावकाश व्हायला हवा, इतका सावकाश की शेजारच्याशी धाप न लागता पूर्ण वाक्यात बोलता यावं. हृदयाची एका ठोक्यात रक्त ढकलण्याची ताकद, स्नायूंमधल्या केशवाहिन्या, चरबी जाळून ऊर्जा काढण्याची क्षमता, हे सगळं त्या सावकाश तासांत वाढतं. हे वाचून पटतं. पण मागून कुणी "ऑन युअर राइट" म्हणत निघून गेलं की विसरलं जातं.

घड्याळ मला हवं असतं ते तेवढ्यासाठी. शर्यतीच्या दिवशी अंगात बळ येतंच. रस्ता आखलेला असतो, अंतराचे फलक असतात, वेळ मोजणारे वेगळे असतात. वर्षाचे बाकी दिवस आपल्याला हळू ठेवायला कुणी नसतं. म्हणून माझा क्रम असा: आधी ठोके, मग बटणं, मग पाण्यातलं काम, आणि उपग्रह सगळ्यात शेवटी.

ठोक्यांबद्दल सविस्तर बोलायलाच हवं, कारण तिथेच घड्याळं सगळ्यात जास्त फसवतात.

मनगटावरचं घड्याळ हिरवा प्रकाश कातडीत सोडतं. रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश चांगला शोषतं. प्रत्येक ठोक्याला मनगटातलं रक्त किंचित वाढतं, परत येणारा प्रकाश किंचित कमी होतो, आणि त्या चढउतारावरून घड्याळ ठोके मोजतं. शांत बसलो असताना, झोपेत, सपाट रस्त्यावर एका लयीत पळताना हे चांगलं जमतं. हात हलायला, आवळायला लागला की गडबड सुरू. डिसेंबरात पहाटे दहा अंशांत बाहेर पडलं की कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात आणि पहिली दहा-पंधरा मिनिटं आकडा भलतंच काही दाखवतो. मनगटावर टॅटू किंवा जुनं गोंदण असेल तर शाई प्रकाश अडवते. बांगड्या असतील तर घड्याळ सारखं सरकतं आणि खालून उजेड शिरतो. सायकलवर मनगट हँडलवर वाकलेलं असतं, रस्ता खडबडीत असला तर कंपनं वेगळीच. आणि पळताना होणारी सगळ्यात मोठी चूक म्हणजे घड्याळ ठोक्यांऐवजी पावलं मोजायला लागतं. मिनिटाला १६८ पावलं पडत असतील तर ठोकेही १६८ दाखवतं. तुम्ही मजेत गप्पा मारत पळताय आणि घड्याळ म्हणतंय जीव तोडून धावताय.

छातीचा पट्टा वेगळ्या रीतीनं काम करतो. तो प्रकाशावर चालत नाही, हृदयाचा विजेचा स्पंद कातडीवरून थेट टिपतो. फिनलंडच्या औलू विद्यापीठातल्या सेप्पो सायनायाकांगास यांनी बर्फावरच्या स्की खेळाडूंसाठी हे यंत्र घडवायला घेतलं. १९७७ मध्ये त्यांनी पोलार ही कंपनी काढली आणि १९८२ मध्ये छातीवरून मनगटाकडे बिनतारी ठोके पाठवणारं पहिलं यंत्र बाजारात आणलं. चाळीस वर्षं उलटून गेली, घड्याळं कुठल्या कुठे गेली, तरी अचूकतेत या पट्ट्याला मनगटावरचा प्रकाश अजून गाठू शकलेला नाही, विशेषतः छोट्या इंटरव्हलमध्ये, म्हणजे थोडा वेळ जोरात आणि थोडा वेळ हळू अशा सरावात, जिथे ठोके अर्ध्या मिनिटात चढतात आणि उतरतात.

पट्टा घालण्याचीही रीत आहे. आतल्या बाजूच्या दोन गुळगुळीत पट्ट्या नळाखाली धरून ओल्या करायच्या. कोरडा पट्टा घातला तर घाम येईपर्यंत आकडे उड्या मारतात, आणि थंडीत पुण्याच्या कोरड्या हवेत घाम यायलाच वेळ लागतो. मग पट्टा छातीच्या हाडाच्या खालच्या टोकाशी येईल असा बसवायचा, बायकांनी स्पोर्ट्स ब्राच्या खालच्या इलॅस्टिकखाली. श्वास पूर्ण भरून बघायचा. काचला तर सैल करायचा, पण वाकल्यावर सरकला तर घट्टच हवा. घरी आल्यावर मधलं बटणासारखं यंत्र काढून ठेवायचं, कारण पट्टा ओला असेपर्यंत ते चालूच राहतं आणि सेल खातं. पट्टा साध्या पाण्यात खळबळून सावलीत वाळत घालायचा. घामाचं मीठ साचलं की कातडीला लाल चट्टे येतात, शिवाय आकडेही बिघडतात. एवढं केलं की पट्टा बरीच वर्षं टिकतो.

आता आकडा बरोबर आला, पण तो कशाशी ताडायचा? नवं घड्याळ काढलं की ते वय विचारतं आणि २२० वजा वय असं करून कमाल ठोके ठरवून टाकतं. हे सूत्र हजारो माणसांच्या सरासरीचं आहे. एकेका माणसाचा आकडा त्यापासून दहा-बारा ठोक्यांनी सहज इकडे तिकडे असतो. माझं वय ४६, म्हणजे घड्याळाच्या हिशेबानं माझी कमाल १७४. सिंहगडाच्या शेवटच्या वळणावर पट्ट्यानं मला १८६ दाखवलेत. १७४ धरून आखलेल्या झोनमध्ये, म्हणजे ठोक्यांच्या टप्प्यांत, मी पळत राहिले असते तर माझा इझी रन जवळजवळ चालण्याइतका झाला असता आणि मी कंटाळून घड्याळ बघणंच सोडलं असतं. ज्यांचा खरा आकडा सूत्रापेक्षा खाली असतो त्यांचं उलट होतं, आणि ते जास्त वाईट; ते घड्याळाच्या आज्ञेनं रोज जास्त जोरात पळत राहतात.

म्हणून भाचीला सणस मैदानावर घेऊन गेले. नीट अंग गरम केल्यावर अर्धा तास एकटीनं, जितकं जोरात पण एकसारखं पळता येईल तितकं पळायचं, आणि शेवटच्या वीस मिनिटांतल्या ठोक्यांची सरासरी काढायची. तो साधारण आपला उंबरठा, म्हणजे ज्याच्या वर गेलं की फार वेळ टिकता येत नाही. तिथून खाली मोजत झोन आखायचे. चाळिशी ओलांडलेल्यांनी, किंवा घरात हृदयविकार असलेल्यांनी, अशी परीक्षा देण्याआधी डॉक्टरांकडे जाऊन स्ट्रेस टेस्ट करून घ्यावी. हे मी कळकळीनं सांगते, घड्याळ हे काम करत नाही.

झोनही तिन्ही खेळांचे वेगळे ठेवावेत. सायकलवर त्याच कष्टाला ठोके पळण्यापेक्षा पाच-दहा कमी असतात, कारण शरीराचं वजन खोगीर पेलतं. पोहताना आणखी कमी, कारण शरीर आडवं असतं, पाण्याचा दाब रक्त हृदयाकडे ढकलतो आणि पाणी अंग गार ठेवतं. जे घड्याळ प्रत्येक खेळाला वेगळे झोन भरू देतं तेच घ्यावं. बहुतेक चांगली घड्याळं देतात, पण सेटिंग खोल दडलेलं असतं आणि कुणी तिथे जात नाही.

आणि पुण्याचा उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये सकाळी साडेसहालाच ऊन अंगावर येतं. त्याच रस्त्यावर, त्याच पेसला ठोके डिसेंबरपेक्षा दहा-पंधरानं जास्त दिसतात. रक्ताचा एक वाटा कातडी गार करायला जातो, घामामुळे रक्तातलं पाणी घटतं, एका ठोक्यात कमी रक्त पुढे जातं आणि हृदयाला जास्त वेळा ठोकावं लागतं. लांबच्या पळण्यात हे शेवटच्या तासात आपोआप चढत जातं. नुसता पेस बघणारा माणूस मेमध्ये निराश होतो, आपण मागे पडलो असं त्याला वाटतं. ठोके बघणारा शांतपणे वेग कमी करतो आणि सराव वाया जात नाही. गोव्याची दमट हवा तर याहून कठीण, तिथे घाम वाळतच नाही.

भाचीचा आवडता रस्ता सिंहगड. डोणज्यातून निघालं की गोळेवाडीच्या नाक्यापर्यंत पाय ताजे असतात, नाका ओलांडला की चढ अंगावर येतो. मी तिच्या मागे होते. तिच्या मनगटावर माझं जुनं घड्याळ, छातीवर पट्टा, आणि १४५ वर इशारा लावलेला. दुसऱ्या वळणावरच घड्याळ थरथरलं. तिनं गिअर हलका केला. पुन्हा थरथरलं. आणखी हलका केला. तिसऱ्यांदा थरथरलं तेव्हा गिअर संपले होते. "मावशी, आता काय करू?" तिनं मान वळवून विचारलं. मी म्हटलं, "काही नाही, चढून जा. पण आजचा दिवस इझी धरू नकोस." सिंहगडावर कुणाचीही राइड इझी होत नाही, गड समुद्रसपाटीपासून तेराशे मीटर उंच आहे आणि रस्ता त्याची जाणीव करून देतो. सावकाश राइडसाठी सोलापूर रोडनं यवतकडे जावं, तिथे सपाट रस्त्यावर ठोके हवे तिथे धरता येतात. कुठला रस्ता कुठल्या दिवशी घ्यायचा हे त्या थरथरण्यानं तिला एका सकाळीत समजलं.

बटणांचं महत्त्व दुकानात लक्षात येत नाही. पाण्यातून बाहेर आल्यावर एक दाबायचं, सायकलला हात लागला की एक, पुढे सायकल ठेवून पळायला निघताना तसंच. ओल्या, सुरकुतलेल्या बोटांना टचस्क्रीन दाद देत नाही, पावसाच्या थेंबांनी ती स्वतःच चालायला लागते. त्यामुळे खरी बटणं हवीत आणि ट्रायथलॉन मोड हवा, म्हणजे तिन्ही खेळ आणि मधले दोन ट्रान्झिशन (एका खेळातून दुसऱ्याकडे जाण्याचा वेळ) एकाच नोंदीत येतात. इथे मात्र नीट बघून घ्यावं लागतं. गार्मिनच्या फोररनर २६५ मध्ये हा मोड आहे, १६५ मध्ये नाही, आणि दोन्ही घड्याळं लांबून सारखीच दिसतात. जुन्या २४५ मध्ये नव्हता, २५५ मध्ये आला. कोरोसच्या पेस ३ मध्ये आहे, पोलारच्या पेसर प्रोमध्येही आहे. बारीक मनगटाच्या बायकांनी लहान आकाराचं मॉडेल मागून घ्यावं. मोठं घड्याळ बारीक मनगटावर डुगडुगतं आणि ठोक्यांचा आकडा आणखीच बिघडतो.

पाण्यात काय होतं? तलावात उपग्रह कामाचे नाहीत. घड्याळ हाताच्या हालचालीवरून स्ट्रोक ओळखतं, भिंतीला दिलेला रेटा ओळखतं आणि लॅप मोजतं. लांबी आपण भरलेली असते. बालेवाडीच्या मोठ्या तलावात ५० मीटर, बहुतेक क्लबांत २५, सोसायटीच्या तलावांचं माप मात्र ज्यानं बांधलं त्यालाच ठाऊक, तिथे टेपनं मोजून आकडा भरावा. मेच्या सुट्टीत पोरं मध्येच आडवी येतात, आपण थांबतो, पुन्हा निघतो, आणि घड्याळ एक लॅप जास्त धरतं. किकबोर्ड (पाय मारायच्या सरावाची फळी) धरला की हात स्थिर, त्यामुळे एकही लॅप धरत नाही. हे समजून घेतलं की चिडचिड होत नाही.

उघड्या पाण्यात उपग्रह लागतात, पण त्यांच्या लहरी पाण्याखाली पोचत नाहीत. फ्रीस्टाइलमध्ये हात बाहेर येतो त्या क्षणभरात घड्याळ जागा पकडतं. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये हात पाण्यातच राहतो, म्हणून नकाशावर आपण तळ्यात वेडेवाकडे भटकलो असं दिसतं. सरावात खरं अंतर हवं असेल तर घड्याळ टोपीखाली, डोक्याच्या मागे ठेवतात. ठोक्यांचंही असंच. ब्लूटूथच्या लहरी पाणी गिळून टाकतं. काही पट्टे ठोके स्वतःकडे साठवतात आणि बाहेर आल्यावर घड्याळाला देतात. पुरुषांचा पट्टा भिंतीला रेटा देताना पोटावर घसरतो, बायकांचा कॉस्च्यूमखाली जागेवर राहतो, एवढा आपला फायदा. माझं मत विचाराल तर पोहताना ठोके बघूच नयेत. शंभर मीटरला किती वेळ लागतो ते भिंतीवरच्या घड्याळात बघावं आणि बाकी लक्ष श्वासाकडे, कोपराकडे द्यावं. नवशिक्याला पाण्यात तंत्रच वाचवतं.

आता उपग्रह. २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या चार तरी उपग्रहांचे संदेश एकाच वेळी मिळाले की घड्याळाला आपली जागा कळते. २ मे २००० पर्यंत अमेरिका सामान्य लोकांसाठीच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळायची आणि जागा शंभर मीटरपर्यंत चुकायची; ते थांबलं म्हणून पुढे मनगटावरच्या जीपीएसला अर्थ आला. आजची चूक काही मीटरांची असते. विद्यापीठाच्या आवारातल्या दाट झाडीत नकाशावरची आपली रेघ थोडी वाकते, बाणेरच्या उंच इमारतींवरून लहरी आपटून येतात म्हणून तिथेही, आणि कात्रजच्या बोगद्यात तर ती आत गेल्यापासून बाहेर पडेपर्यंत सरळ ओढलेली असते. ड्युअल बँडचं घड्याळ उंच इमारतींत खरंच चांगलं चालतं. पण आपले लांबचे सराव मोकळ्या आभाळाखाली होतात, तिथे साधंही पुरतं. दोन सवयी मात्र लावाव्यात: निघण्याआधी उपग्रह लागेपर्यंत थांबायचं, आणि क्षणाक्षणाचा पेस बघण्याऐवजी लॅपची, म्हणजे ठरावीक टप्प्याची, सरासरी बघायची. उंचीसाठी वायुदाबमापक असलेलं घड्याळ घाटात उपयोगी पडतं, पण पावसाळ्यात ढग दाटून हवेचा दाब बदलला की बसल्या जागी पाच-दहा मीटर चढल्याचं दाखवतं. ते मनाला लावून घेऊ नये.

बॅटरीबद्दल फार लिहीत नाही. हाफसाठी आजचं कुठलंही धावण्याचं चांगलं घड्याळ पुरतं. फुल करायची असेल तर पूर्ण जीपीएसवर सतरा तासांच्या वर चालेल असं बघावं, आणि तीन-चार वर्षांत बॅटरी थकते हे धरूनच बघावं.

पुण्यात प्रत्येकाचं कुणीतरी अमेरिकेत असतं, आणि तिकडून स्वस्तात मागवायचा मोह होतो. मागवण्याआधी त्या मॉडेलची वॉरंटी भारतात चालते का हे कंपनीला लेखी विचारावं. मिठाच्या पाण्यात, घामात, चिखलात वापरायची वस्तू आहे, कधीतरी दुरुस्तीला द्यावी लागणारच. माझं स्वतःचं म्हणणं असं की मागच्या वर्षीचं मॉडेल घ्यावं. नवं आलं की जुन्याची किंमत उतरते, आणि ठोके, बटणं, ट्रायथलॉन मोड या तीन गोष्टींत वर्षभरात काही बिघडलेलं नसतं. वाचलेल्या पैशांत पट्टा येतो, आणि वर एखादा चांगला टायरही.

भाचीनं तेच केलं. लहान आकाराचं, मागच्या वर्षीचं, बटणांचं घड्याळ घेतलं आणि त्याच दिवशी पट्टाही. घड्याळाच्या सायकल मोडच्या पडद्यावर आम्ही तीनच आकडे ठेवले: वर मोठ्या अक्षरांत ठोके, खाली लॅपचा वेळ आणि कॅडन्स, म्हणजे मिनिटाला पेडलचे फेरे. वेग काढून टाकला. समोरून वारा असला की वेगाचा आकडा बघून माणूस चेवानं पेडल मारतो आणि पळायची वेळ येईपर्यंत पाय संपलेले असतात. खाण्याची आठवण म्हणून दर वीस मिनिटांनी एक इशारा लावला, कारण सायकलवर पोटात काही गेलं नाही तर २१ किलोमीटर कुठल्या बळावर पळणार?

बऱ्याच पट्ट्यांत सीआर २०३२ सारखा चपटा, नाण्यासारखा सेल असतो; नेमका नंबर आपल्या पट्ट्यावर बघून घ्यावा. संपत आला की ठोके मध्येच गायब होतात किंवा अचानक दुप्पट दिसतात, आणि लोक पट्टा बिघडला म्हणून फेकून देतात. हा सेल कुठल्याही घड्याळजीकडे मिळतो. गोव्याला निघायच्या आठवड्यात नवा घाल आणि एक जादा बॅगेत ठेव, असं तिला सांगून ठेवलंय.